डोक्याकडची लक्ष्मी

जोमा मुकादम गेल्याचे मला दहाव्याच्या आदल्या दिवशी कळले. कल्याणला आमच्या दारात मिठाची गोण उतरवताना गाडीवान सहज बोलून गेला. गोणीवर पेढीचा जुना शिक्का होता, कमळात बसलेली लक्ष्मी. मी तिच्याकडे बघत ओटीवर बसून राहिलो... त्याला जाऊन आता महिना होईल. इतकी वर्षे जे कोणाला सांगितले नाही, ते लिहून टाकतो.

दिव्याच्या खाडीवर आमच्या शेटजींची मिठागरे होती. मी तिथला कारकून आणि जोमा माणसांचा मुकादम. एका दसऱ्याला शेटजींच्या मनात आले, की प्रत्येकाला पेढीचा शिक्का असलेली, रोज वापरता येईल अशी वस्तू द्यावी. निवड माझ्यावर सोपवली. मी पांघरायच्या जाड पासोड्या ठरवल्या, आणि शिक्का मधोमध, वीतभर रुंद, लाल रंगात. नमुना जोमासमोर पसरला, तर त्याने हातही लावला नाही.

"तात्या, कापर चांगला हाय. पन लक्षुमी मधी कशाला?"

"गोणीवर चालते ना तुला?"

"गोन डोक्याव घेतो. पासोरी पायाव येल. तिला उशाला ठेवा, एका कोपऱ्यान. म्हंजे डोका कुठं न पाय कुठं, त्ये समजंल."

"आता तू मला पेढी शिकव," मी म्हणालो. भोवतीची माणसे हसली. जोमाही हसला, पण जरा उशिराने.

मार्गशीर्षात शेटजी सूर्योदयालाच मिठागरावर आले. माणसे कुडकुडत उघड्या अंगाने चिखल तुडवत होती; बांधावर एकही पासोडी नव्हती. "आम्ही दिलेल्या पासोड्या कुठे गेल्या?" त्यांनी विचारले. पासोड्या घरोघरी देवापाशी घडी करून ठेवल्या होत्या, वर हळदकुंकू. मला ते ठाऊक होते. पण माझे चुकले म्हणायला जीभ उचलली नाही. मी म्हणालो, "मुकादमाने वापरू नका म्हणून सांगितले यांना."

"तात्या, मी असा बोललो?" जोमाने शांतपणे विचारले.

मी हातातली वही उलटत राहिलो... त्याच दिवशी त्याची मुकादमी गेली.

पुढल्या दसऱ्याला मी नव्या पासोड्या आणवल्या. लक्ष्मी लहानशी, एका कोपऱ्यात, उशाकडे. माणसांनी त्या सूत विरेपर्यंत वापरल्या. शेटजींनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्याला पागोटे बांधले, "अशी अक्कल हवी" म्हणाले, आणि मी ते बांधून घेतले. जोमा तेव्हा कळव्याकडे दुसऱ्याच्या मिठागरावर टोपल्या वाहत होता. वाटेत भेटला की "राम राम तात्या" म्हणायचा. एकदाही त्याने विषय काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

तेराव्यानंतर मी माझी, कोपऱ्यात लक्ष्मी असलेली पासोडी घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या वाट्याची, मधोमध शिक्क्याची, देवापाशी तशीच घडीत होती. दुसरी त्याला कधी मिळालीच नव्हती. मी त्याच्या बायकोला, गोमीला, सगळे सांगितले. मग तिने मी आणलेली पासोडी मांडीवर घेतली आणि एकेक कोपरा चाचपत गेली. तिसऱ्या कोपऱ्यावर बोट थांबले.

"उशाला," ती म्हणाली. "त्यो घरी येऊन असाच बोललेला."

तिने ती त्याच्या रिकाम्या बाजेवर अंथरली, लक्ष्मी उशाकडे करून, आणि सुरकुत्या हाताने सारख्या केल्या.

"बसा तात्या," ती म्हणाली. "पायाशी बसा."

मी बसलो.