आक्कांच्या गच्चीवरचा पावटा

आक्का गेल्या तेव्हा मी परसात राख चाळत बसले होते. बियाण्याला चोळायला चुलीची राख लागते, ती मी चैत्रातच चाळून ठेवते. मधल्या भिंतीवरून त्यांची सून पल्लवी म्हणाली, "काकी, आई गेल्या." आठ दिवस दवाखान्यात होत्या, त्यामुळे कळायचं ते आधीच कळलेलं होतं. चाळणी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला... आणि मनात पहिलं काय आलं ते खरं लिहिते. मनात आलं, आता या माझं नाव कधीच घेणार नाहीत.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मलकापुरात आमची दोन घरं एका भिंतीला लागून आहेत. त्या सांगलीच्या, शाळेत शिक्षिका होत्या. मी मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतली, चौथी शिकलेली. त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी पेपरच्या पुरवणीत त्यांच्यावर लेख आला, महिला मंडळाच्या अध्यक्षांनी लिहिलेला. साऱ्या कॉलनीला बागकाम शिकवणारी बाई, असं त्यात होतं. सोबत चौकटीत आक्कांचं वर्षाचं वेळापत्रक छापलं होतं, कोणत्या महिन्यात काय लावायचं त्याचं. मी ते बोट ठेवून वाचलं. ओळ न् ओळ माझी होती. माझी म्हणजे माझ्या आईची, तिच्याकडून मला आलेली. तो लेख सगळ्यांनी वाचला. हा मी माझ्या वहीत लिहिते आहे.

नोकरी संपल्यावर आक्कांनी गच्चीवर बाग करायला घेतली. पहिल्या वर्षी त्यांनी भर पावसाळ्यात मेथी पेरली, ती कुजली. वैशाखात कोथिंबीर टाकली, ती वर आलीच नाही. नर्सरीतून फुलांनी भरलेली शेवंती आणली आणि महिन्यात तिच्या काटक्या झाल्या. त्या काटक्या घेऊन भिंतीशी आल्या आणि म्हणाल्या, "सुमन, माझ्या हाताला काही गुणच नाही गं."

"आवं आक्का, फुलाकडं बघून रोप आणायचं नसतंय," मी म्हटलं. "फुललेल्या रोपानं आपलं सगळं दिऊन टाकलेलं असतंय. कुंडी उचलून बूड बघायचं, मुळी पांढरी हाय का ते. आन् आपल्या गच्चीवर ऊन किती येळ थांबतंय ते आधी बघा, मग काय लावायचं ते ठरवा."

"थांब, थांब. लिहून घेते."

अशी त्यांची डायरी सुरू झाली. मृगात दोडका, कारली, भेंडी. दसरा झाला की मेथी, पालक, वाटाणा. माघात चवळी, काकडी, म्हणजे उन्हाळा कोरडा जात नाही. पालेभाजीला पसरट टब चालतो, वांग्याला खोल लागतो. त्या विचारायच्या, "हस्त म्हणजे इंग्रजी महिना कोणता?" मी म्हणायची, "ते मला काय म्हाईत, हस्ताचा पाऊस पडतोय तवा." त्या कॅलेंडर काढून जुळवायच्या. चार वर्षं असं चाललं, आणि तेव्हा मला ते आवडत होतं. शिकलेली बाई मला विचारते, याचं अप्रूप होतं.

मग मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचं पहिलं भाषण झालं. मी मागे चहाच्या पातेल्यापाशी उभी होते. भाषण छान झालं, सगळं बरोबर सांगितलं त्यांनी. एका बाईने विचारलं, "हे तुम्ही कुठं शिकलात?" आक्का म्हणाल्या, "अनुभव, आणि थोडं वाचन." तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. मला वाटलं, आता... त्या म्हणाल्या, "ही माझी धाकटी जाऊ, सुमन. फार कष्टाळू आहे." सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या. मी पेले भरायला घेतले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

मी भांडत नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही. पण मी विसरतही नाही. पुढल्या फाल्गुनात आक्का भिंतीशी आल्या. श्रावणात गच्चीवरच्या बागांची स्पर्धा होती. "समोरच्या मांडवावर काहीतरी असं सांग, की परीक्षक आले की शेंगांनी लगडलेलं दिसेल." मी आत गेले आणि आईच्या पावट्याचं मूठभर बी आणून त्यांच्या हातात दिलं. हा पावटा कधीही लावा, थंडी पडून दिवस आखूड झाल्याशिवाय त्याला फूल येत नाही. आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. आक्का सांगलीच्या, त्यांना पावटा बाजारातला ठाऊक.

वेल असा वाढला की मांडव दिसेना. "फूल कधी येईल गं?" "यील की आक्का, खत घाला." त्यांनी शेणखत घातलं, पाला आणखी माजला. श्रावणात परीक्षक आले. मी परसात तण काढत होते, गच्चीवरचं बोलणं ऐकू आलं. "पाला सुरेख आहे," एक जण म्हणाला, आणि दुसरा हसला. बक्षीस पलीकडच्या गल्लीत गेलं. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

मार्गशीर्षात तोच मांडव शेंगांनी वाकला. आक्का पाटीभर शेंगा घेऊन भिंतीशी आल्या.

"तुला माहीत होतं ना, सुमन?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी तरी कुठं सांगितलं माझं नाव?"

एवढंच. आयुष्यात त्यांना उलटून बोलले ती ही एकच वेळ. त्यांनी पाटी भिंतीवर ठेवली आणि गेल्या. मला वाटलं, लागलं जिथं लागायचं तिथं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या बायकांना सांगत होत्या, "पावट्याला थंडी लागतेच हो. मी स्वतः फसले, म्हणून सांगते." मी त्यांच्यावर उगवलेला सूडही त्यांनी अनुभवात जमा केला. पुरवणीतल्या चौकटीत तीही ओळ आहे.

गेल्या महिन्यात पल्लवी छापलेली पाकिटं घेऊन आली. वर आक्कांचा फोटो आणि 'स्मरणार्थ'. मंडळ त्यांच्या नावाने बी वाटणार होतं. "काकी, तुमच्याकडचा तो पावटा द्याल का? आईंना फार आवडायचा."

"माझ्या आईचं बी हाय ते," मी म्हटलं. "पाकिटावर तिचं नाव घालशील?"

"अहो, पाकिटं छापून झालीत, काकी."

"मग न्हाई गं. कीड लागली समद्याला."

बरणी माझ्या पाठीमागे फळीवर होती. ती गेल्यावर मूठभर बी बाजूला काढलं आणि बाकीचं सगळं भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून उसळ केली आणि एक वाटी भिंतीवरून पल्लवीलाही दिली. तिने बोटं चाटून खाल्ली आणि म्हणाली, "आई असत्या तर अजून मागितली असती." खरं आहे, मागितली असती. पाकिटांत बाजारचं बी भरलं गेलं.

उरलेली मूठ मी रोहिणीत भिंतीच्या कडेने माझ्या बाजूला टोकली. आता वेल भिंतीएवढे झालेत. पलीकडे गच्चीवर आक्कांचा मांडव तसाच रिकामा उभा आहे, आणि पावट्याला आधार लांबून कळतो. काल सकाळी दोन शेंडे भिंत चढून तिकडे झुकले होते. मी ते हलकेच सोडवले आणि अलीकडच्या काठीला गुंडाळले. आज सकाळी पुन्हा तिकडेच. थंडी पडेपर्यंत हे रोज करावं लागेल... करीन.