मालकाचा नंबर शेवटचा

बहरीनमध्ये ऑक्टोबर उजाडला की आमच्या कंपनीच्या स्टोअर्समधल्या गोऱ्या साहेबाला घरची आठवण यायची. त्याच्या केबिनमध्ये एक कॅलेंडर होतं. ऑक्टोबरच्या पानावर लाल-पिवळ्या झाडांचं जंगल, मधून ओली वाट, वाटेवर पानांचा खच. साहेब त्या चित्राकडे बघून सुस्कारा सोडायचा आणि मला ऐकवायचा की या देशात ऑटम म्हणून नाहीच. जणू तो स्टोअर्समधून इश्यू करायला मीच विसरलो होतो! मी मान डोलवायचो. दुपारी रस्ता ओलांडताना माणसं सूर्याला शिव्या द्यायची थांबली की समजायचं, शरद ऋतू आला.

या दिवसांत साहेब टेबलावर पाय टाकून इंग्रजी खूनकथा वाचायचा. आम्ही मराठी माणसं पडलो रसिक. आम्ही साहित्य वाचायचो, म्हणजे दिवाळी अंक.

ही गोष्ट सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. बहरीनमध्ये मराठी अंक विकत कुठला मिळायला! म्हणून आम्ही अकरा कुटुंबांनी अंकांची भिशी काढली. प्रत्येकाच्या घरच्यांनी गावाकडून एकेक अंक मुंबईला धाडायचा, आणि त्या सुमाराला जो कोणी रजेवरून परत येत असेल त्याने सगळे एका बॅगेत घालून आणायचे. बॅग थेट माझ्या झिंज भागातल्या फ्लॅटवर यायची, कारण ग्रंथपाल मी होतो. मला कोणी नेमलं नव्हतं. पण ब्राऊन पेपर, रजिस्टर, शिक्का आणि उत्तम प्रतीचं इंपोर्टेड खोडरबर या सगळ्याची सोय कंपनीच्या कृपेने माझ्याकडेच होती, तेव्हा माझ्याइतका लायक माणूस दुसरा कोण असणार?

नियम मीच केले. एक अंक एक आठवडा, अदलाबदल शुक्रवारी. चकलीच्या हाताने अंक धरायचा नाही. पान दुमडायचं नाही. पेन्सिलीने काहीही लिहायचं नाही. हा शेवटचा नियम करावा लागला, कारण आदल्या वर्षी बँकेतल्या एका सद्गृहस्थांनी रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर ‘खुनी मेव्हणा आहे’ असं लिहून ठेवलं होतं. दहा घरांचा आठवडा वाया! आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे, ज्याचा अंक असेल त्याचा नंबर शेवटचा. मालकाच्या हातात अंक आधी पडला की तो महिनाभर सुटत नाही, हा अनुभव. ‘अजून थोडा राहिलाय हो,’ म्हणत लोक उशाशी घेऊन झोपायचे.

वाचकही काय एकेक नग! पुण्याचे एक इंजिनियरसाहेब होते. ‘आम्ही फक्त वैचारिक वाचतो,’ असं ते चारचौघांत सांगत. त्यांच्याकडून परत आलेल्या प्रत्येक अंकात वैचारिक लेखाची पानं करकरीत आणि राशिभविष्याची पानं मऊ पडलेली. त्यांच्या मिसेस अंक हातात घेण्याआधीच म्हणायच्या, ‘यंदा दर्जा फार घसरलाय.’ नोव्हेंबरात एका शुक्रवारी आम्ही सगळे झल्लाकच्या किनाऱ्यावर सहलीला गेलो होतो. चटया अंथरल्या, पुऱ्या-भाजीचे डबे उघडले आणि सगळ्यांनी तोंडासमोर अंक धरले. समोर एवढा निळाशार समुद्र! कुणी बघेल तर शप्पथ. एक काका दीड तास एकाच पानावर होते. मी जाऊन पाहिलं तर डोळे मिटलेले. मी अंक काढून घेतला, तरी हात तसेच वर!

त्याच वर्षी भिशीत मुहर्रकची वहिनी आली. तिचा नवरा विमानतळावर सामानाची गाडी चालवायचा, राहायला मुहर्रकच्या जुन्या वस्तीत एक भाड्याचं घर. माणसं गुहागरकडची. आमच्या झिंजच्या मंडळींनी आधी जरा नाकं मुरडलीच. ‘त्या वाचतात का?’ असं इंजिनियरसाहेबांच्या मिसेसनी मला हळूच विचारलं होतं. वहिनीच्या अंगणात बदामाचं झाड होतं, पानं गळताना तांबडी होणारं, आपल्याकडे कोकणात असतं तसंच. माझ्या मुलीच्या इंग्रजी शाळेत ‘ऑटम’चं चित्र काढायला सांगितलं होतं. पोरीने जन्मात पान गळताना पाहिलेलं नाही, ती कपाळ काढणार? वहिनीने झाडावरचं लाल झालेलं एकुलतं एक पान शोधून तिच्या वहीसाठी पाठवलं. मुलगी म्हणाली, ‘थँक यू आंटी.’ मी वहीवर ब्राऊन पेपर घातला.

बॅग आली त्या शुक्रवारी सगळे माझ्याकडे जमले. मी एकेक अंक काढून रजिस्टरला चढवत होतो. वहिनीचा अंक निघाला, तसा तिने हात पुढे केला.

‘भाऊजी, जरा चाळून बघू? अण्णांनी पाठवलाय.’

अण्णा म्हणजे तिचे वडील. गावी एकटेच राहायचे, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे तिला सगळं काय ते अण्णाच. एरवी दरवर्षी अंक आधी स्वतः वाचून मग तिला पोस्टाने पाठवायचे.

‘वहिनी,’ मी सगळ्यांकडे बघत म्हणालो, ‘मालकाचा नंबर शेवटचा.’

लोक हसले. तिने हात मागे घेतला. ‘होय, नियम तो नियम,’ असं म्हणाली आणि स्वतःही हसली.

संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी अंकांची तपासणी करायला बसलो. वहिनीचा अंक उघडला आणि माझं डोकंच फिरलं. पानोपानी पेन्सिल! समासात बारीक, सुरेख अक्षरात काहीतरी लिहिलेलं. छपाईच्या चुकासुद्धा दुरुस्त केलेल्या. ‘कोण हे टिकोजीराव?’ मी बायकोला ओरडून म्हणालो. ‘अंक पाठवलाय की पेपर तपासून पाठवलाय?’

‘अहो, पेन्सिलच आहे ना, राहू दे की,’ बायको म्हणाली.

‘आज हे राहू दे, उद्या पुन्हा खुनी मेव्हणा!’

आणि मी खोडायला बसलो. अक्षर इतकं हलक्या हाताने लिहिलेलं होतं, जणू कागदाला दुखेल. खोडरबर नुसतं टेकवायचा अवकाश, की साफ. मध्ये मध्ये वाचून हसत होतो, बायकोलाही नक्कल करून दाखवत होतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एक काना ठेवला नाही. मग ब्राऊन पेपर घातला, शिक्का मारला, आणि कामाचं चीज झालं म्हणून आणखी अर्धा कप चहा घेतला.

अंक फिरू लागले. शुक्रवारी अदलाबदलीला वहिनी भेटली की स्वतःच्या अंकाची चौकशी करायची, कुणाकडे पोचला म्हणून. एकदा हसत हसत म्हणाली, ‘अण्णांना कळवलं, अंक पोचलाय पण माझा नंबर यायचाय. तर ते लिहितात, स्वतःच्या अंकाला कसला आलाय नंबर?’ मी म्हटलं, ‘मास्तरांना सांगा, शिस्त आहे.’ मास्तरांना शिस्त शिकवायला निघालो होतो मी! काय तो रुबाब.

डिसेंबरात तिला तार आली. अण्णा झोपेतच गेले. नवऱ्याने धावपळ करून तिचं तिकीट काढलं, पण ती गावी पोचली तोवर सगळं आटपलं होतं. जानेवारीत परत आली ती निम्मी होऊन. भेटायला गेलो तेव्हा कुणाशी फार बोलली नाही. मला मात्र निघताना विचारलं, ‘माझा नंबर कधी?’

मी रजिस्टर आठवून सांगितलं, ‘पुढच्या शुक्रवारी.’ अंक त्या वेळी इंजिनियरसाहेबांकडे होता. जाऊन घेऊन यायला दहा मिनिटं पुरली असती. मला सुचलंसुद्धा नाही. खरं सांगतो, त्या खोडाखोडीचीही आठवण झाली नाही. चांगलं काम केलेलं माणूस कशाला लक्षात ठेवतो?

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी स्वतःच अंक घेऊन मुहर्रकला गेलो. फाटक उघडलं आणि थबकलो. बदाम पुरता पिकला होता. तांबडी, शेंदरी, काही अर्धी हिरवी अशी तळहाताएवढी पानं, अंगणभर. तिने झाडली नव्हती. साहेबाला इथे आणून उभं करावं आणि म्हणावं, घे तुझा ऑटम, असं मनात आलं.

वहिनीने अंक दोन्ही हातांनी घेतला. तिथेच उभी राहून कव्हर काढलं आणि पानं उलटू लागली. सावकाश, एकेक. आधी तिच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती, मग ती ओसरत गेली. शेवटापर्यंत पोचली, परत पहिल्यापासून सुरुवात केली. मध्येच दोन पानांच्या खाचेतून काहीतरी तिच्या हातावर पडलं. तिने निरखून पाहिलं. खोडरबराचा कीस होता.

‘भाऊजी, हे काय?’

सगळं एका क्षणात आठवलं, चहासकट.

‘पेन्सिलीच्या खुणा होत्या,’ मी म्हणालो. ‘नियमाप्रमाणे... मी खोडल्या.’

मग एकदम तिचा आवाज चढला. ‘खुणा? माझ्या बापाचं अक्षर होतं ते! तुमचं काय घोडं मारलं होतं त्याने? दरवर्षी माझ्याशी बोलत बोलत वाचायचे अण्णा. त्यांनी एवढा अंक भरून लिहिलं आणि तुम्ही खोडत बसलात? हात कसा नाही थांबला तुमचा?’

माणसं अकरा कुटुंबांना शहाणपण शिकवतात आणि अशा वेळी त्यांना साधं ‘चुकलो’ म्हणता येत नाही. मी शेवटी ‘चुकलो’ म्हणालो, पण इतक्या पुटपुटत की तिला ऐकू गेलं की नाही देव जाणे.

ती पायरीवर बसली. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, ‘खोडताना वाचलं असेल ना तुम्ही?’

‘हो.’

‘मग सांगा.’

मी त्या पानांच्या पसाऱ्यात, तिच्यासमोर जमिनीवर बसलो. चाळीसेक ठिकाणी तरी लिहिलेलं होतं. मला आठवलं ते पाच-सहा, आणि तेही का, तर बायकोला हसवायला नक्कल केली होती म्हणून. मी अंक हातात घेऊन एकेक पान उघडायचो आणि समासावर बोट ठेवून सांगायचो. या कवितेशेजारी लिहिलं होतं, ‘मला कळली नाही. तुला कळली तर समजाव.’ या पाककृतीशेजारी, ‘तुझी आई गूळ याहून जास्त घालायची.’ या गोष्टीतल्या सासूशेजारी, ‘ही आपल्या शेजारणीवरून लिहिली असावी. तिला बोलू नकोस.’ पुढे एका विनोदी लेखाच्या मध्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, ‘इथे लिहिलं होतं, “हसलीस ना?”’

वहिनीने अंक माझ्या हातून घेतला, तो परिच्छेद वाचला, आणि हसली. खरंच हसली. मग जी रडायला लागली, ती मला बघवेना. मी झाडाकडे बघत बसलो. एक पान सुटून तिच्या मांडीवर पडलं तरी तिला कळलं नाही.

‘आणि शेवटी?’ डोळे पुसत तिने विचारलं. ‘शेवटच्या पानावर अण्णा हमखास काहीतरी लिहायचे.’

मी तिच्याकडे बघितलं. डिसेंबर आठवला, तिचं पत्र आठवलं, माझा नंबर यायचाय म्हणून अण्णांना लिहिलेलं.

‘नाही वहिनी,’ मी म्हणालो. ‘शेवटचं पान कोरं होतं.’

तिने ते पान उघडून पाहिलं. होतंच कोरं. मांडीवरचं लाल पान तिने त्यावर ठेवलं आणि अंक मिटला.

पुढच्या दिवाळीला मी नियम बदलून मालकाचा नंबर पहिला केला. सगळे म्हणाले, छान सुचलं तुम्हाला. वहिनीच्या घरून तेव्हा कुणी अंक पाठवणारं उरलं नव्हतं.

बाकीचं लिहिलेलं बहुतेक मी विसरलो. शेवटच्या पानावरच्या त्या दोन ओळी मात्र अक्षरासकट पाठ आहेत, आणि आजपर्यंत बायकोलाही सांगितल्या नाहीत.

‘वाचून झालं की लगेच पत्र टाक. तुझं पत्र येईपर्यंत मी दुसरा अंक उघडत नाही.’