अंगाच्या मापाची मॉडेल

नाशिकच्या इंदिरानगरात फिरून बघा, चौतीसच्या वर कंबर असलेली बाई सापडायची नाही. निदान तोंडी तरी नाहीच. हर्षालीच्या दुकानात वीस वर्षं हेच चाललंय. बाई आत येते, पिशवीतून मापाचा ब्लाउज काढते. तो असतो तिच्या डोहाळजेवणातला आणि पोरगं आता बारावीला. वर म्हणते, "याच्यावरच शिवा, फक्त किंचित सैल." किंचित म्हणजे किती? चार इंच! हर्षाली वाद घालत नाही. गळ्यातला टेप ओढते आणि म्हणते, "हात वर करा." टेप सांगेल ते वहीत जातं. बाई चिडो, रुसो, दुसऱ्या टेलरकडे जावो. गेलेली परत येते, कारण खोट्या मापाचा ब्लाउज पहिल्याच हळदीकुंकवाला काखेत उसवतो.

दुकान म्हणजे सोसायटीच्या तळाशी दहा बाय बाराचा गाळा. भिंतीवर गळ्यांच्या डिझाइनचे फोटो, त्यातल्या सगळ्या बायका उंच, गोऱ्या, नुसती मानच वितीनं मोजावी अशा. त्यांच्याखाली मशीनवर बसलेली हर्षाली : उंची पाच फुटाला एक इंच कमी, छाती चाळीस, कंबर अडतीस, सीट चव्वेचाळीस. वय तेवढंच, चव्वेचाळीस. अंगात गाऊन, त्यावर ओढणी. शेकडो नवऱ्या सजवल्या तिनं, पण कुणाच्या अल्बममध्ये ती शोधून दाखवा. नवरीच्या खोलीत शेवटचा हूक लावायला ती, पदराला टाका घालायला ती. फोटोच्या वेळी तिला हाक पडायची ती सेफ्टीपिनसाठी. नणंदेच्या लग्नात एकदा हौसेनं पुढं उभी राहिली, तर फोटोग्राफर म्हणाला, "ताई, तुम्ही जरा मागच्या लाइनीत." मागच्या लाइनीत पाच फुटाला एक इंच कमी असलेली बाई! अल्बममध्ये तिचा फक्त अंबाडा आला.

तर अशा बाईला मॉडेल व्हायची संधी आली कुठून? पुतणीच्या लॅपटॉपमधून.

आरोही दिराची मुलगी, इंजिनिअरिंगला म्हणून यांच्याकडे राहते. गेल्या दिवाळीनंतर ती दुपारची दुकानात येऊन बसायला लागली, कारण तिथं वायफाय चांगलं येतं. लॅपटॉपवर एक बाई झगा घालून चालत होती.

"कोणाचं लग्न गं?"

"लग्न नाही काकू, फॅशन शो आहे. हे सगळं खोटं जग आहे, कॉम्प्युटरमधलं. इथं आपलं एक अंग बनवायचं आणि फिरायचं. इथले डिझायनर कपडे बनवतात, लोक इथल्याच पैशांत घेतात."

"कापड नाही, दोरा नाही, शिलाई नाही. आणि घेतात?"

"घेतात. ते खपावेत म्हणून मॉडेल लागतात. त्यांचे क्लासेस असतात."

"येडेच आहेत," हर्षाली म्हणाली आणि पुढचे तीन दिवस तिनं मशीन थांबवून ते येडेपण बघितलं. कापडाचा फॉल कसा पडतो, चाललं की घेर कुठं वळतो, तिची नजर हलेना. चौथ्या दिवशी आरोही म्हणाली, "काकू, तुमचंही बनवूया का?" आणि अंग बनवायचं पान उघडून देऊन चहा टाकायला वर गेली.

ती परत आली तेव्हा काकू लॅपटॉपच्या काचेला टेप लावून बसल्या होत्या.

झालं होतं असं, की त्या जगात अंग बनवायला नुसत्या पट्ट्या सरकवायच्या असतात. कंबर बारीक, कंबर जाड. त्यात इंच नाहीत. इंचाशिवाय माप ही कल्पनाच हर्षालीला सहन होईना. मग तिला टेलरिंगच्या कोर्सची वही आठवली. तिथं अख्खा ब्लाउज पाव मापानं कागदावर काढायला शिकवतात. तिनं स्वतःला टेप लावून घेतला, आकडे खडूनं टेबलावर लिहिले, काचेवरच्या बाईची उंची मोजली आणि हिशोब धरून एकेक पट्टी सरकवत नेली. दीड तास लागला, आरोहीनं आणलेला चहा गार झाला. दंडाचा घेरसुद्धा सोडला नाही. चेहराही तिनं आपलाच केला, हनुवटीवरच्या तिळासकट.

आरोही कपाळाला हात लावून म्हणाली, "काकू! इथं कुणी स्वतःचं माप लावत नाही हो!"

"मग कुणाचं लावतात?"

आरोही गार चहा उचलून परत तापवायला गेली.

त्या जगात पाऊल टाकल्यावर कळलं, की तिथं सगळे सात फुटी. हर्षाली गर्दीत उभी राहिली की डोकं दुसऱ्याच्या कमरेला. पहिल्याच दिवशी एका नाचाच्या हॉलमधून रखवालदारानं तिला बाहेर काढलं. समोर पाटी आली, लहान मुलांना प्रवेश नाही.

"लहान मूल?" हर्षाली लॅपटॉपवर ओरडली. "अरे, चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे मी! आरोही, लिही त्याला, माझी सीट तरी बघ म्हणावं!"

तरीही ती क्लासला गेली. एका एजन्सीचा क्लास होता, दर शनिवारी दुपारी तीनला, आठ आठवडे. शिकवणाऱ्या बाईचं तिथलं नाव लूना, म्हणजे चंद्र. खरं नाव कुणाला ठाऊक नाही, आवाज लॅपटॉपमधून यायचा, हिंदी. चालायचं कसं, कुठं थांबायचं, कुठल्या रंगावर काय घालायचं. रंगसंगतीच्या परीक्षेत हर्षाली पहिली आली. येणारच. बाकीच्या पोरींना दागिना आणि गळा यांचं नातंच माहीत नव्हतं. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तिनं दोनदा सांगितलं, की आपण पहिलं आलो. नवरा दीपक अंबडच्या एका कंपनीत तयार जॉब, म्हणजे मशीनचे सुटे भाग, तपासायला आहे. तो म्हणाला, "वा," आणि आमटी मागितली.

आठव्या आठवड्यानंतर शो होता. परदेशातल्या कुठल्याशा डिझायनरचे आठ ड्रेस, आठ मुली. हर्षालीच्या वाट्याला गर्द जांभळा, पायघोळ. तिनं तो घातला आणि आरोहीनं डोळेच मिटले. मांडी कापडाच्या आरपार बाहेर. पोटाचा एक तुकडा झग्याला भोक पाडून डोकावतोय. त्या जगातले कपडे एकाच अंगावर बेतलेले, आणि ते अंग म्हणजे सात फूट नि मुठीएवढी कंबर. शिवणीत माया सोडलेली नाही, उसवून सैल करावं तर उसवायला टाकाच नाही.

लूना म्हणाली, "हर्षालीजी, बॉडी चेंज कर लो ना. फ्री में मिलती है. दो मिनट का काम है."

"और ड्रेस चेंज करा तो?"

"ड्रेस क्यों चेंज होगा? ड्रेस तो ठीक है. शनिवार तक बॉडी कर लो, नहीं तो आपका नंबर किसी और को देना पड़ेगा."

ड्रेस ठीक आहे! वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला हर्षालीनं हे वाक्य ऐकवलं नव्हतं. ब्लाउज बसला नाही तर ब्लाउज चुकला, बाई नाही. मुकाट परत घ्यायचा, उसवायचा. आणि इथं ही कोण चांदण्यातली बाई सांगते, अंग उसवा!

घरी तर अजून कहर. दीपक पोळी मोडत म्हणाला, "अगं, खोट्या जगात खरं माप कशाला? हो की बारीक फुकटात. लोक जिमला जाऊन घाम गाळतात."

"तुमच्या कंपनीत माप चुकलेला जॉब आला तर तुम्ही काय करता?"

"रिजेक्ट."

"का? मारा की ओकेचा शिक्का. नाहीतर मशीनच बदला म्हणा, जॉब ठीक आहे."

"ते वेगळं."

"काय वेगळं? सांगा ना, काय वेगळं?"

दीपकनं आमटीची वाटी पुढं केली. सासूबाई, म्हणजे वत्सलाबाई, टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाल्या, "एवढं चाललंय कशावरून? त्या डब्यातल्या बाहुलीवरून?" आणि आवाज परत मोठा केला.

खरं सांगायचं तर हर्षालीनं एकदा बारीक होऊन बघितलं. बुधवारी दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून. दोनच मिनिटं लागली, लूना खोटं बोलली नव्हती. जांभळा झगा त्या अंगावर असा बसला की हर्षालीनं स्वतःशीच मान डोलावली. घेर सुरेख, खांदा चोख. ती चालली, वळली, थांबली. सगळं छान होतं. आणि छातीत जे व्हायला हवं होतं तेच होईना. नवरीला तयार करून स्टेजकडे धाडल्यावर जे वाटतं तेच वाटलं. काम चांगलं झालं, आता सुया गोळा करा.

तेवढ्यात आरोही आली. तिनं गंमत म्हणून काकूंच्या मोबाईलवरून दोन्ही अंगांचे फोटो नामपूरला पाठवले, हर्षालीच्या आईला. चंद्रभागाबाईंना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. थोड्या वेळानं फोन आला.

"पहिली कोन शे व? टीव्हीवाली शे का?"

"आणि दुसरी गं आई?"

"दुसरी?" म्हातारी खवळलीच. "हाई तं आमनी हर्षी शे! मले दिसत नही का काय?"

हर्षालीनं फोन ठेवला, नाक ओढलं आणि वही पुढ्यात घेतली.

त्या दुपारी तिनं जांभळ्या झग्याचं ड्राफ्टिंग काढलं. पाव मापानं, पुढचा भाग, मागचा भाग, सगळे आकडे इंचात. कुठं सैल करायचं तिथं लाल पेन्सिल, कुठं टक्स घ्यायचा तिथं निळी. आरोहीनं फोटो काढून तो थेट डिझायनरला पाठवला, खाली इंग्रजीत विनंती. लूनाला हे कळायला तास लागला नाही. "आपने मेरे ऊपर से जाकर बात की? ये प्रोफेशनल नहीं है, हर्षालीजी!" हर्षालीनं लॅपटॉप मिटला. गुरुवार गेला. शुक्रवारी तीन ब्लाउज द्यायचे होते, तिनं एकात बाही उलटी लावली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी सकाळी डिझायनरचं उत्तर आलं. आरोहीनं वाचून दाखवलं. असा कागद त्याला आजवर कुणी पाठवला नव्हता, निळी पेन्सिल त्याला कळली नाही, पण लाल कळली. सोबत सैल केलेला झगा. लूनालाही त्यानं कळवलं होतं, हिला चालू द्या. घातला. पोट झाकलं, मांडी झाकली. डाव्या बाजूला सीटपाशी मात्र अजून चार बोटं कातडी बाहेर.

"गेलं," आरोही म्हणाली.

"काय गेलं? ओढणी असेल ना कुठं तिथं? शेला, उपरणं, काहीही. डाव्या अंगानं सोडायचं. निम्म्या नाशिकचे बिघडलेले ब्लाउज पदराखाली जातात."

शेला सापडला, सोनेरी. जांभळ्यावर असा शोभला की जणू आधीपासूनच होता.

तीनला शो. हर्षालीचा नंबर शेवटचा. आणि नेमक्या तीनला दुकानात योगिनी वहिनी, तिसऱ्या मजल्यावरच्या. "माझा मोरपंखी झाला का हो?"

"बसा वहिनी."

"नाही, मला जरा घाई—"

"बसा म्हटलं ना!"

वहिनी बसल्या.

सात मुली एकामागून एक गेल्या. लांब पाय, सहा ढांगांत टोक, वळण, परत. मग तिच्या तिथल्या नावाचा पुकारा झाला, हर्षाली टेलर. पडद्यावर बघणाऱ्यांची बडबड अक्षरांत वर सरकत होती. कुणीतरी विचारलं, ही कोण? कुणीतरी हसरे चेहरे टाकले. हर्षालीनं बाण दाबून धरला आणि चालायला लागली.

इथं एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. गाणं बेतलं होतं सात फुटी पायांवर. पाच फुटाला एक इंच कमी असलेली बाई, तिचं पाऊल केवढं? ती रॅम्पच्या मध्यावर आली आणि गाणं संपलं. चिडीचूप. लॅपटॉपमधून लूना फिसकारली, "जल्दी! भागो, भागो, या वापस आ जाओ!"

पळायचं बटण बोटाखालीच होतं. हर्षालीनं त्यावरचं बोट उचललं आणि मांडीवर ठेवलं.

ती चालत राहिली. त्या शांततेत तिच्या पावलांचा आवाज तेवढा यायचा, ठक, ठक, ठक. बडबड थांबली होती. टोकाला पोचून ती थांबली, शिकवल्याप्रमाणे तीन मोजले. मग तिनं अजून दोन मोजले, आपल्या मनानं. वळली. शेला मागं फिरला. आणि आली तशीच सगळी वाट चालत गेली.

"अगंबाई," योगिनी वहिनी खुर्चीतून पुढं वाकून म्हणाल्या, "ही तर तुम्ही!"

"हो. आणि तुमची कंबर अडतीस आहे, मोरपंखी त्यावर शिवलाय. घालून बघा, तिथं पडद्याआड."

वहिनी मोरपंखी घेऊन आत गेल्या.

लूनाचा निरोप दहा मिनिटांत आला. आरोहीनं वाचला आणि तिचा चेहरा पडला. शो चांगला झाला, डिझायनर खूश आहे, पण गाण्याचा घोळ झाल्यानं एजन्सीची नाचक्की झाली. यापुढच्या शोसाठी मॉडेलची किमान उंची ठरवायचा विचार आहे. हर्षालीजींचं काय म्हणणं आहे?

हर्षालीनं टेप गळ्यात घातला. वीस वर्षांत कमावलेला सगळा संताप तोंडाशी आला होता, आणि तोंडाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं, की सांगायचं आहे ते एवढंसंच.

"लिही," ती म्हणाली. "पुढच्या वेळी गाणं मोठं लावा."