हिरव्या दोऱ्याचा चष्मा

बायको गेल्यावर चार महिन्यांनी मी मरायची सगळी तयारी केली, आणि ती वाया गेली.

गया गेली त्याच आठवड्यात मला चक्कर सुरू झाली. सपाट अंगणात उंबरे दिसायचे. बोरीच्या बाजारात मी असे पाय उचलून चालायचो की लोक म्हणायचे, "म्हातारा नदी ओलांडायलाय का काय!" चहा ओतायला जावं तर कप एकीकडं आणि चहा धोतरावर. चष्मा काढून निजलं की बरं वाटायचं. उठून लावला की पुन्हा गरगर. (हे मी साऱ्या गावाला सांगितलं. एकाच्याबी डोक्यात उजेड पडला न्हाई. माझ्या तर न्हाईच.)

गयाचं दुखणंबी असंच चक्करनं सुरू झालं होतं. मी मनात धरलं, तेच हाय. दवाखान्याचं नाव काढू देईना. गया जिंतूरच्या दवाखान्यात आपल्या पायानं गेली होती. परत कशी आली ते सांगत न्हाई.

शेजारचा किसन रोज यायचा आणि रोज नवा आजार काढायचा. पित्त, मणका, नजर. शेवटी म्हणाला, "रागावू नको गड्या, वहिनी बोलवायलीय तुला."

"ती जित्ती असताना जेवायलाबी एकदाच हाक मारायची. आता चार महिने बोलवत बसंल व्हय?"

वरून असं बोललो, पण आतून हललो. आणि जरा बरंबी वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग तयारी. शेळी किसनला देऊन टाकली. पांढरं धोतर बाजूला काढलं. गयाच्या फोटोपुढं तिचा चष्मा ठेवलेला होता, तिथं रोज सांजेला सून मेणबत्ती लावायची. मी हात जोडून सुनेला म्हणालो, "सुनीता, माझा फोटो हिच्या बरोबरीनं लाव. खाली नको!"

सुनीता अंगणवाडीत शिकवती. आवाज तसाच. "मामा, उगं मरायच्या गोष्टी करू नका! एष्टीत बसा, न्हाईतर आजपासून मीबी जेवत न्हाई."

बसलो.

डॉक्टरीणबाईनं सगळं तपासलं. "आबा, बीपी चांगलं, साखर चांगली. होतंय तरी काय?"

"मरायलोय न्हवं का, बाई!"

तिनं भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण तिथं अक्षरंच नव्हती, मुंग्या होत्या. बाईनं माझा चष्मा उतरवून उजेडात धरला. "हा कुणाचा?"

"माझाच. डोळ्याच्या शिबिरातला. मला अन् बायकोला एकसारखेच मिळाले."

सुनीता वाकली आणि ओरडली, "मामा! हिरवा दोरा तर आत्याबाईच्या चष्म्याला होता! ओळखू यावा म्हणून त्यांनीच बांधलेला!"

दोरा मला पहिल्याच दिवशी दिसला होता. गया गेली तेव्हा दोन्ही चष्मे खिडकीत होते, रडून झाल्यावर हाताला लागला तो मी लावला. आता गयानं माझ्या छत्रीला, पिशवीला, किल्लीला जन्मभर दोरेच बांधलेले. मला वाटलं, हाबी माझ्यासाठीच बांधला.

"आबा, तुमाला कायबी झालेलं न्हाई," बाई हसत म्हणाली.

छातीवरचा धोंडा उतरला! मी हसायलो ते डोळ्याला पाणी येईस्तोवर. काही पाणी हसण्याचं नव्हतं, पण निघून गेलं ते बरं झालं.

सुनीता मात्र हसता हसता थांबली. "मंग मामा... फोटोपुढचा चष्मा?"

"माझा!"

म्हणजे चार महिने माझ्याच चष्म्यापुढं मेणबत्ती! आणि हात जोडायला पुढं कोण? मीच!

घरी आलो, फोटोपुढचा चष्मा उचलला, पुसला, लावला. अंगण सपाट. कप जागेवर. (शेळी मात्र किसन परत देईना. म्हणतो, "तू मर की मग सांगतो!")

मग गयाकडं बघितलं. चार महिने मला वाटायचं, फोटोत ती माझ्याकडं बघून हसायलीय. आता नीट दिसलं. डोळे वटारलेत बाईनं: 'हिरवा माझा म्हणून किती डाव सांगितलं होतं!'