सतरा नंबरचा कंप्युटर

सलीमचा सूड घ्यायला गेलो आणि मीच नापास झालो.

परवा लेकीच्या लॅपटॉपवर पार्सर जनरेटर बसवत होतो. भाषेचे नियम दिले की ती वाचणारा प्रोग्राम तयार करून देणारं हे साधन मिनिटभरात बसलं. शेजारी तिचे ओले मोजे वाळत होते. त्या वासानं मी थेट आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पोचलो. तिथं बूट बाहेर काढूनच आत जावं लागायचं.

हेच साधन बसवायला तेव्हा मला तीन दिवस लागले. वर्गासमोर सलीम म्हणाला, "इससे तो अपना शिपाई जल्दी बिठाता." ते लई झोंबलं. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी त्याच्या सतरा नंबरच्या कंप्युटरवरून ते साधन उडवलं आणि विजयाची कुल्फी गुलमंडीच्या बाजारात एकट्यानं खाल्ली.

सकाळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांना हजेरीच्या उलट्या क्रमानं बसवलं. सतरा नंबर माझ्या वाट्याला आला. गार फरशीवर माझे मोजे घामानं भिजले.

बाहेर बुटाची नाडी बांधताना मी सलीमला सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "पार उडवलंस की! चार वर्षांत तू नीट केलेलं हे एकच काम बघ, दोस्ता."