मी न पाहिलेला घाट

बुधवारी सकाळी माझ्या संकेतस्थळावर एका ज्येष्ठ वाचकांची प्रतिक्रिया आली. ‘आपला घाटावरचा लेख वाचला. येत्या रविवारी विश्रांतवाडीहून बहिणीला घेऊन जाण्याचा विचार आहे. तिचे वय बहात्तर, गुडघे दुखतात. वाट सोपी असल्याचे आपण लिहिलेच आहे. पायऱ्या किती आणि कठडा आहे का, एवढे कळवावे.’

उत्तर मला ठाऊक नव्हते. त्या घाटावर मी कधी गेलेच नव्हते.

पुण्यातून एका दिवसात जाऊन येता येईल अशा जागांविषयी मी लिहिते. काही जागा पाहिलेल्या आहेत. उरलेल्या मात्र शाळेत इतिहासाची उत्तरे लिहीत असे तशाच लिहिल्या: वाचनालयातली दोन जुनी पुस्तके, एक नकाशा आणि मुद्देसूद मांडणी. शाळेत या पद्धतीने मी नेहमी पहिली येत असे. खडकवासल्यापलीकडच्या एका गावातला, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांचा हा घाट त्यांपैकीच होता, आणि माझ्या जाहिरातींच्या उत्पन्नातला निम्मा वाटा या एका पानाचा होता. वाचक पानावर जितका रेंगाळेल तितक्या जाहिराती त्याच्या नजरेखालून जातात, हे समजल्यावर मी तो लेख दोनदा वाढवला होता. ‘पाण्यात पाय सोडून निवांत बसावे’ हे वाक्य त्या वाढीव मजकुरातले. त्याच्या शेजारी हल्ली गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात दिसते.

बँकेच्या परीक्षा देण्याआधी संकेतस्थळासाठी एक वर्ष द्या, असे मी आईबाबांकडून मागून घेतले होते. ते वर्ष या पानावर उभे होते. खरे लिहावे तर पान जाईल आणि गप्प राहावे तर रविवारी त्या बाई पायऱ्या उतरतील. दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी शुक्रवारी मी स्वतःच्याच लेखाची छापील प्रत घेऊन निघाले. सोबतीला शेजारची नाझनीन होती. तिच्या वडिलांचे बिबवेवाडीत कुलपे-किल्ल्यांचे दुकान आहे आणि अनोळखी माणसांशी बोलण्याचे माझे काम लहानपणापासून तीच करते.

स्वारगेटहून खडकवासल्याची बस मिळते. सकाळी आठच्या आत निघावे. त्यानंतर सिंहगड रस्त्यावर बस चालण्यापेक्षा थांबतेच अधिक. खिडकीशी बसून नाझनीन माझा लेख मोठ्याने वाचू लागली.

“‘शहराच्या कोलाहलापासून दूर, निसर्गाच्या कुशीत विसावलेला...’ यार, हा लेख आहे की निबंध स्पर्धा?”

“हळू वाच गं.”

“‘वाट इतकी सोपी आहे की पावले आपोआप वळतात.’ कोणाची पावलं? तुझी तर कधी वळलीच नाहीत!”

पुढच्या बाकावरचे काका मागे वळून हसले. मी पिशवीतले पाणी शोधण्याचे नाटक केले.

धरणाच्या भिंतीपाशी उतरलो. तिथे कणसे आणि कांदाभजी मिळतात. दोघींचे शंभराच्या आसपास होतात. मी माझी प्लेट तिच्याकडे सरकवली. नाझनीनने दोन्ही प्लेट संपवल्या. पुढे गावापर्यंत सहा आसनी रिक्षा जाते. ती भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवावा.

‘तिठ्यावरच्या वडापासून डावीकडे’ असे मी लिहिले होते. तिठ्यावर वड नव्हता. तिथे बंगल्यांच्या प्लॉटचा फलक होता आणि डावीकडे दोन वाटा फुटत होत्या. मी घामाने ओला झालेला कागद उलटसुलट करत राहिले. शेवटी आम्ही रुंद वाट धरली आणि थेट एका घराच्या अंगणात पोचलो. पुढे बाभळीच्या काट्यांचे ताजे कुंपण घातलेले होते. साठीच्या एक बाई शेंगा निवडत बसल्या होत्या.

“कुनीकडं चाललाय गं पोरींनो?”

“घाटावर, मावशी,” नाझनीन म्हणाली.

“तुमीबी मोबाईलवर वाचून आलात व्हय?” त्यांनी सूप खाली ठेवले. “कुनी शानं हाय, त्यानं लिवलंय, पान्यात पाय सोडून बसा म्हनून. रोज मानसं माझ्या अंगनातनं जात्यात. मागल्या आठवड्यात एक बाई शेवाळावरनं घसरली, मनगाट मोडलं. माझ्या लेकानं गाडीवर घालून दवाखान्यात न्हेली. मंग ह्या काट्या लावल्या.”

नाझनीनने माझ्याकडे पाहिले. परत फिरणे सोपे होते. आम्हाला तिथे कोणीही ओळखत नव्हते.

“मावशी, ते मी लिहिलंय,” मी म्हणाले.

त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. हातातल्या कागदाकडेही पाहिले.

“तू? आन् वाट मला इचारतीस?”

मी माफी मागितली आणि पायऱ्या मोजू द्याल का, असे विचारले.

“मोज. पर हितनं, वरनंच.”

काट्यांपलीकडे चौदा पायऱ्या दिसत होत्या. त्यांतल्या खालच्या सहा हिरव्या, बुळबुळीत, आणि त्यांच्याखाली पाणी. कठडा नाही. घाट सुंदर आहे, हेही नोंदवते. माझ्या वर्णनाहून कितीतरी साधा आणि सुंदर. निघताना मावशींनी नाझनीनच्या ओंजळीत शेंगा घातल्या. मला दिल्या नाहीत. नाझनीनने रिक्षात त्यातल्या अर्ध्या माझ्या हातात ठेवल्या.

घरी पोचताच मी त्या वाचकांना सारे कळवले: चौदा पायऱ्या, शेवाळ, कठडा नाही, आणि मी प्रथमच गेले होते हेसुद्धा. मग ते पान काढून टाकले. त्या जागी चार ओळी आहेत: वाट एका घराच्या अंगणातून जाते, कुंपण ओलांडू नये. चार ओळींत जाहिरातीला जागा उरत नाही. उरलेले लेख तपासले. एकतीसपैकी एकोणीस लेखांच्या डोक्यावर आता ‘मी येथे गेलेले नाही’ असे लिहिलेले आहे. उत्पन्नाचा आलेख रोज उघडते आणि लगेच मिटते. बाबांना अजून सांगितलेले नाही. हे त्यांनी वाचण्याआधी सांगायला हवे.

शनिवारी सकाळी उत्तर आले. ‘खुलाशाबद्दल आभारी आहे. लेख वाचून आपण फार हिंडणाऱ्या आहात असा समज झाला होता. तो दूर झाला. बहीण मात्र तयार होऊन बसली आहे. आपण खरोखर गेला आहात अशी एखादी जागा असल्यास सुचवावी.’

मी लिहिले: ‘आमच्याकडे बिबवेवाडीत एक जुने वाचनालय आहे. सात पायऱ्या आहेत, कठडा उजव्या हाताला. तिसरी पायरी किंचित उंच आहे, तिथे ताईंना हात द्यावा. खिडकीजवळच्या खुर्चीला पाठ आहे. हे सर्व लेख मी तिथेच बसून लिहिले.’