भिंतीपाशी साचलेला आवाज

नानांनी छातीवर हात ठेवला, तेव्हा माझं बोट फेडरवर होतं. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी. ती हलवायची नाही, असं मला बजावलेलं होतं.

धुळ्यातल्या एका हॉलमध्ये प्रयोगशील संगीताचा कार्यक्रम होता. साउंड माझ्याकडे. पुण्याहून आलेली कलाकार लॅपटॉपमधून नुसते घुमणारे आवाज काढत होती. ना ताल, ना चाल. काही आवाज इतके खालचे, की कानापेक्षा अंगालाच जास्त कळावेत. चेकिंगच्या वेळी ती म्हणाली होती, "लोक घाबरले तरी चालेल. लेव्हल हलवू नका."

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. खालचा आवाज, म्हणजे बेस, भिंतीपाशी आणि कोपऱ्यात साचतो. तिथे तो फार जड लागतो. आणि आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना पाठ टेकायला भिंतीलगतच बसवतात. सोनगीरच्या नानांना हाताला धरून कोपऱ्यातली खुर्ची मीच दिली होती. त्यांची अँजिओप्लास्टी झालीय, हे त्यांच्या सुनेने तेव्हाच सांगितलं होतं.

खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या. मागे कोणीतरी म्हणालं, पिठाची गिरणी सुरू झाली. लोक हसले. मला हसू आलं नाही. नानांचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. सून मोबाइलवर शूटिंग करत होती. बेस खाली ओढला तर कार्यक्रम मोडणार, पुढची कामं जाणार. मी हाच विचार करत राहिलो आणि नानांची मान पुढे झुकली.

मी बेस पूर्ण खाली ओढला आणि धावलो. त्यांचा हात गार लागला.

"नाना, काय होतंय?"

त्यांनी डोळे उघडले. "कसाले बंद करं रे भो?"

"तुम्ही छाती धरली होती."

"आठे धडधडे ना." त्यांनी छातीवर बोट टेकवलं. "भ्याव वाटे. पन पुढे काय व्हस, ते ऐकानं व्हतं."

सुनेने त्यांना तरीही डॉक्टरकडे नेलं. सगळं ठीक निघालं. कलाकाराला मी खरं काय ते सांगितलं. ती चिडली, मग एवढंच म्हणाली, "आधी का नाही बोललात?"

पुण्याच्या पाहुणीपुढे मला अडाणी दिसायचं नव्हतं. हे मात्र मी तिला सांगू शकलो नाही.

हल्ली मी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर आधी स्वतः बसून ऐकतो आणि मग त्या पुढे ओढतो. कार्यक्रम सुरू होईपर्यंत म्हातारी माणसं त्या पुन्हा भिंतीला नेऊन टेकवतात. म्हणून आता कारणही सांगतो.